सात नंबरची ओळ

बाई बास्केटबॉलच्या कोर्टवर बाहेरच्या चपला घालून कधी येत नसत. दारातच काढायच्या, टाचा भिंतीकडे करून ठेवायच्या आणि पिशवीतले बूट चढवायच्या. शिट्टी गळ्यात नसे, डाव्या मनगटाला गुंडाळलेली असे. एखादीला झापायचं असलं की आधी स्वतःचा चष्मा काढायच्या. "तोंड नीट दिसलं की मला रागावता येत नाही," म्हणायच्या. पाणी बसून प्यायच्या, संघ वीस गुणांनी मागे असला तरी. चेंडू हातात आला की दोन्ही अंगठ्यांनी दाबून बघायच्या, मग नाकाशी न्यायच्या. का, ते कुणी विचारलं नाही. पाच जणींना एका दमात हाका मारताना जीभ अडखळायची आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी नाव तोंडून निघायचं. जिला जुनं नाव मिळे ती दिवसभर मिरवायची. बाईंच्या जुन्या मुली चांगल्या खेळत, असा समज होता.

आणि कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख वाचायच्या. मजकूर मागाहून.

खारीला हे सगळं पाठ होतं. खार म्हणजे बाईंची सहायक. अकरा वर्षांपूर्वी ती याच कॉलेजच्या संघाची कर्णधार होती, सात नंबरची. दोन धिप्पाड मुलींच्या मधून सटकायची, म्हणून बाईंनीच ठेवलेलं नाव. आता तिची आईसुद्धा तेच म्हणायची. खार साहित्य शिकली. वर्गातून धावत सरावाला यायची तेव्हा पुस्तक काखेतच असे. "कविता नंतर, आधी डावा पाय," बाई म्हणायच्या. पदवी मिळाली त्याच वर्षी गुडघा गेला. पुढे काय, हे खारीला ठाऊक नव्हतं. बाईंनी तिच्या हातात चेंडूंची जाळीदार पिशवी दिली आणि म्हणाल्या, "हे उचल, चल." ती चालायला लागली. नव्या मुली तिला खारताई म्हणू लागल्या.

बाई स्वतः या कॉलेजात आल्या त्या सहा महिन्यांसाठी. आधीच्या प्रशिक्षक बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. त्या परत आल्याच नाहीत. बाई राहिल्या, तेवीस वर्षं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक पत्र यायचं. आपली नेमणूक अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हंगामी स्वरूपात करण्यात येत आहे. तेवीस वर्षांत मजकूर एका शब्दाने बदलला नाही. बदलायची ती तारीख. कागदावर आधी तारीख वाचायची सवय तिथून लागली. तेवढ्या काळात मुलांच्या संघाला चार प्रशिक्षक झाले. चौघेही कायम झाले. दोघे बढती घेऊन दुसरीकडे गेले, जाताना बाईंनीच त्यांचे निरोपसमारंभ केले.

बाई थोरल्या बहिणीजवळ राहत. खाली आक्काचं शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या. बारा जणींच्या जर्सीवरचे चार ते पंधरा अंक आक्काच शिवायची.

"दर वर्षी सातच कसा उसवतो गं? त्या पोरी काय दातांनी ओढतात का?"

"जी पुढे पळते, तिलाच मागून धरतात, आक्का."

"तू पळालीस का कधी पुढे? तुझ्या पोरींच्या पोरी चेंडू टाकायला लागल्या, तू अजून हंगामीच. अगं, भाजीसुद्धा हंगामाला येते आणि जाते!"

"मी जात नाही, हे बरंच की मग."

आक्का मशीन जोरात चालवायची. बोलणं तिथे संपायचं.

एकदा जायची वेळ आली होती. खार कर्णधार होती ते वर्ष. दुसऱ्या गावी मोठ्या विद्यापीठात कायमची जागा, दारावर नावाची पाटी असलेली खोली. पण लगेच रुजू व्हायचं होतं आणि इथला हंगाम अर्धा उरला होता. बाईंनी कळवलं, मुलींचे सामने संपले की येते. त्या विद्यापीठाने वाट पाहिली नाही. खारीला हे तीन वर्षांनी कळलं, आक्काकडून, बोलता बोलता. तिने बाईंना विचारलं. "त्या खोलीला खिडकी नव्हती," बाई म्हणाल्या आणि चेंडू नाकाशी नेला.

या वर्षी प्राचार्य नवे होते. हंगामाच्या सुरुवातीलाच त्यांनी दोघींना बोलावलं. टेबल इतकं रिकामं होतं की समोर बसणाऱ्याला हात कुठे ठेवावेत कळेना.

"दोन संघ, दोन प्रशिक्षक, हे आता जरा जास्त होतंय," ते म्हणाले. "मुलांचे सर दोन्ही संघ सांभाळतो म्हणतात."

"सरावाची वेळ एकच असते, साहेब. ते एका वेळी दोन रिंगखाली कसे उभे राहतील?"

"बघता येईल ते." प्राचार्य हसले. "हे पाहा बाई, तुमच्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण नुसतं चांगल्या आहेत म्हणून मी समितीपुढे काय बोलू? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उपांत्य फेरी गाठा. मग मला बोलायला तोंड राहील."

"गाठू," बाई म्हणाल्या.

जिन्यात त्यांनी खारीचा दंड धरला. गुडघ्यासाठी नाही, तो त्यांचाही दुखायचा. "शेवटच्या आठांत आपण जातोच दर वर्षी. तिथे एक सामना जास्तीचा जिंकायचा. एकच, खारे."

त्या वर्षी ते शक्य होतं, कारण संघात खांब होती, म्हणजे सगळ्या जिला खांब म्हणत ती मुलगी. उंच, सरळसोट, बोलायला लाजरी. ती रिंगखाली उभी राहिली की समोरच्या मुली आपोआप लांबून चेंडू टाकायला लागत. खांबला सात नंबर दिला होता. पहिल्या दिवशी जर्सी अंगावर धरून ती खारीकडे आली होती. "खारताई, हा तुझा ना? मी याला उसवू देणार नाही." बाई तिलाही कधी कधी 'खार' म्हणून हाक मारत. संघातल्या मुली हसत. "एवढी लांबलचक खार!"

संघ शेवटच्या आठांत पोहोचला.

सामन्याआधी चाळीस मिनिटं खेळाडूंची यादी द्यायची असते. नंबर, नाव, खाली प्रशिक्षक, सहायक. बाई यादी स्वतः लिहीत. आयोजकांनी पुरवलेल्या छापील तक्त्यावर, निळ्या शाईने, कुणाकडून सांगून न घेता. त्या लिहीत असताना कुणी बोलायचं नाही आणि कुणी मागे उभं राहायचं नाही, हा नियम होता. बाई म्हणत की त्या तेवढ्या वेळात एकेका नावाबरोबर एकेक मुलगी डोळ्यांपुढे आणतात. कुणाचा घोटा दुखतोय, कुणाचं घरी भांडण झालंय. यादी लिहून झाली की त्यांच्या डोक्यात सामना मांडून झालेला असे. तेवीस वर्षांत एक खाडाखोड नाही.

त्या दिवशीही त्या तशाच बसल्या. परक्या हॉलमधलं लोखंडी टेबल, एक पाय आखूड. खार समोर उभी होती, टेबल हलू नये म्हणून कोपरा दाबून. कागद तिला उलटा दिसत होता. तिला त्यावर स्वतःचं नाव दिसलं. सहायक म्हणून असतंच ते. अकरा वर्षं दिसत आलेलं. तरी दर वेळी दिसलं की बरं वाटायचं. तिने नजर वळवली, मुली पायांना पट्ट्या बांधत होत्या तिकडे पाहिलं. बाईंनी सही केली. गुणलेखिकेने नावं गुणपत्रकावर उतरवून घेतली. सुरुवातीच्या पाच जणींपुढे बाईंनी फुल्या केल्या, नंबर पाहून. चार, सात, आठ, दहा, बारा.

पहिल्या अर्ध्यात संघ असा खेळला की बाई दोनदा उभ्या राहिल्या. त्या सहसा उठत नसत. खांबने एकटीने सतरा गुण केले. मध्यंतराला मुली नऊ गुणांनी पुढे होत्या.

तेव्हा समोरच्या संघाच्या व्यवस्थापक गुणलेखिकेच्या टेबलाशी गेल्या. त्यांना ओळखपत्रं पडताळून हवी होती. तो त्यांचा हक्क होता. पंच आले.

"सात नंबर कोण?"

"मी," खांब म्हणाली. पाणी पिता पिता.

पंचांनी तिचं ओळखपत्र पाहिलं. यादी पाहिली. परत ओळखपत्र पाहिलं. मग सात नंबरपुढचं नाव मोठ्याने वाचलं.

ते खारीचं पूर्ण नाव होतं. आडनावासकट.

"ही कोण?"

"मी," खार म्हणाली.

"तुम्ही खेळाडू आहात?"

"नाही. सहायक."

"सहायक खाली आहेच. तेच नाव. मग वर कसं?"

मागून एका मुलीचा घाबरलेला आवाज आला, "खारताई, तूच उतर मग." दोघी हसल्या. पंच हसले नाहीत हे पाहून थांबल्या.

बाईंनी चष्मा काढला. खारीला वाटलं, आता कुणावर तरी ओरडणार. त्यांनी यादी मागून घेतली आणि चष्मा परत लावला. आधी वरची तारीख वाचली. तारीख बरोबर होती. मग बोट खाली नेत सात नंबरच्या ओळीवर थांबवलं.

"अक्षर माझंच आहे," त्या म्हणाल्या.

नियम साधा होता. यादीत नाव नाही, ती खेळाडू नाही. सही झाल्यावर नाव घालता येत नाही. पंच म्हणाले की खरं तर सामनाच काढून घेता आला असता, पण झालेले गुण राहू देऊ. मुलीला मात्र बसवा. ते चांगले गृहस्थ होते. खारीला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं.

"चूक लिहिणाऱ्याची आहे," खार म्हणाली. "ही मुलगी तर खरी आहे ना? ओळखपत्र आहे, कॉलेजचा शिक्का आहे. सतरा गुण केलेत तिने तुमच्या डोळ्यांदेखत."

"मला दिसतंय ताई," पंच म्हणाले. "मी काय करू सांगा."

खांब बाकावर बसली. जर्सी घालूनच. पूर्ण दुसरा अर्धा ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. बाईंनी जे करायचं ते सगळं केलं. टाइम-आउट योग्य वेळी घेतले, बदल योग्य केले. आवाज चढवला नाही. नऊचे सहा झाले, सहाचे दोन. शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली, आणि मग समोरच्या मुलीने रिंगखाली, जिथे खांब उभी असायची नेमक्या त्याच जागी, मोकळा चेंडू टाकला.

दोन गुणांनी हरले.

परतीच्या बसमध्ये बाई पुढच्या सीटवर होत्या. यादीची प्रत हातात, चार घड्या घातलेली. खार शेजारी जाऊन बसली.

"मी पाहिलं होतं," खार म्हणाली. "माझं नाव. उलटं. मला वाटलं खालचंच."

"मग बोलली का नाहीस?"

खारीने मांडीवरची चेंडूंची पिशवी खाली ठेवली.

"कशी बोलशील," बाई म्हणाल्या. "मीच बोलू देत नाही कुणाला."

थोड्या वेळाने त्या परत म्हणाल्या, "मी तिलाच डोळ्यांपुढे आणलं होतं गं. खांबलाच. चेंडू घेऊन वळताना. आणि हाताने तुझं नाव लिहिलं."

मागे मुली रडून झोपल्या होत्या. खांब जागी होती. तिने जर्सी काढून घडी केली होती, सात आत जाईल अशी.

सोमवारी दुपारी खार एकटीच प्राचार्यांकडे गेली. बाईंना सांगितलं नाही. रविवारभर तिने वाक्यं जुळवली होती. चूक दोघींची होती. कागद मी पाहिला होता. मध्यंतरापर्यंत आम्ही जिंकत होतो, ते गुणपत्रक पाहा. एका ओळीसाठी तेवीस वर्षं काढून घेऊ नका.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही. मग खण उघडून एक पाकीट टेबलावर ठेवलं.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. याचा त्या सामन्याशी संबंध नाही."

त्यांनी पत्र बाहेर काढून तिच्याकडे फिरवलं. मजकूर वाचायच्या आधी खारीची नजर तारखेवर गेली. सवय लागली होती. तारीख सामन्याच्या एक महिना आठ दिवस आधीची होती. खाली लिहिलं होतं, आपली नेमणूक यापुढे वाढवण्यात येत नाही.

"समितीची बैठक तेव्हाच झाली. हंगामाच्या मध्येच हातात ठेवणं बरं वाटलं नाही. म्हणून थांबलो. माणुसकी म्हणून."

"पण तुम्ही म्हणाला होतात, उपांत्य फेरी गाठली तर..."

"बोलायला तोंड राहील, असं म्हणालो होतो. बोललोही असतो." ते जरा थांबले. "आणि गाठली असतीत तर कॉलेजचंच नाव झालं असतं ना? त्यात वाईट काय?"

जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आता चालणार नव्हतं. खार पत्राकडे पाहत राहिली.

"तुमची जागा राहील," प्राचार्य म्हणाले. "सरांना हाताशी कुणी तरी लागेल. मुली तुमचं ऐकतात."

"सर, तारीख बदलता येईल का?"

"म्हणजे?"

"पत्रावरची. आजची घाला. नाहीतर परवाची, सामन्याच्या दिवसाची. बाई आधी तारीखच वाचतात. बाकी काही बदलू नका."

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"जावक क्रमांक पडलाय त्याला," ते म्हणाले. "नोंद झालीय. आता कशी बदलणार?"

हॉलमध्ये बाई शिडीवर होत्या. डाव्या रिंगची जाळी फाटली होती, ती काढून नवी बांधत होत्या. रिंगचे हूक केव्हाच मोडले होते. म्हणून जाळीचा एकेक फास नायलॉनच्या दोरीने रिंगला बांधावा लागे. बारा फास, बारा गाठी. शिपाईकाका करतो म्हणायचे, पण त्यांच्या गाठी महिन्यात सुटत. बाईंच्या दोन-दोन वर्षं टिकत.

"शिडी धर," वरून बाई म्हणाल्या. "कुठे होतीस?"

"ऑफिसात."

"माझी वकिली करायला?"

खारीने शिडी धरली.

"नको करूस. चूक झाली ती झाली. माझी आहे, माझ्याजवळ राहू दे." त्यांनी गाठ दाताने ओढून घट्ट केली. "मी काल रात्री आक्काला म्हटलं, यात एक बरं आहे. नेमकं काय चुकलं ते तरी कळलं. नाहीतर किती वेळा हरलो, कशाने हरलो कळतसुद्धा नाही. आता पुढच्या वर्षीपासून यादी तू मोठ्याने वाचायचीस आणि मी लिहायची. बारा जणी समोर उभ्या. आपलं नाव आलं की हात वर. काय?"

"हो," खार म्हणाली.

"गप्प बसायचा नियम बंद. मूर्ख नियम होता तो."

खारीने तोंड उघडलं. त्या यादीने काही झालं नाही बाई, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की त्याच्यामागचंही सांगावं लागणार होतं. सतरा गुणांनीही काही झालं नसतं. जिंकूनही काही झालं नसतं. बाई ओठ दाताखाली धरून गाठ मारत होत्या, त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळा दिसत होता.

"दोरी दे," बाई म्हणाल्या.

तिने दिली.

आठवी गाठ बसली तेव्हा दारात शिपाईकाका आले. म्हातारे होते, कोर्टवर पाऊल टाकायच्या आधी त्यांनीही चपला काढल्या. बाईंच्या राज्यातली सवय.

"बाई, साहेबांनी बोलावलंय. पत्र आहे म्हणे तुमचं."

"पत्र?" बाईंनी खाली पाहिलं. मग खारीकडे. "यंदा लवकर आलं की."

खारीने शिडी दोन्ही हातांनी धरली होती. बाई एकेक पायरी उतरल्या, शेवटच्या पायरीवर तिच्या खांद्याचा आधार घेतला.

"बघ, उगाच घाबरत होतीस. वकिली कामाला आली तुझी."

"बाई..."

"आले गं. शिडी हलवू नकोस, चारच राहिल्यात."

दारात त्यांनी बूट काढले. भिंतीकडे टाचा करून ठेवले. चपला घातल्या आणि शिपाईकाकांच्या मागून गेल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

खार मोजत राहिली. व्हरांडा, जिना, वरचा व्हरांडा. आता दार. आता बसा म्हणाले असतील. आता पाकीट.

चार वाजता मुली सरावाला आल्या. खांब सगळ्यांच्या पुढे होती. ती रिंगखाली येऊन थांबली आणि वर पाहत म्हणाली, "खारताई, जाळी अर्धीच? मी बांधू? मला शिडीच्या दोन पायऱ्या पुरतात."

"राहू दे," खार म्हणाली. "बाई येतायत."

मुलींनी उजव्या रिंगवर सराव केला. साडेपाचला त्या गेल्या. बाईंचे बूट दारातच होते. डाव्या रिंगला आठ फास बांधलेले होते. उरलेले चार एका बाजूला लोंबत होते आणि दोरीचं टोक खाली खारीच्या हातात आलेलं होतं.